साठीला मुलाने उडी भेट दिली आहे, मारू का?

पत्राचा गोषवारा: लेखिका सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. येत्या मार्चमध्ये साठ पूर्ण होतील. तेव्हा त्या यजमानांसह मुलाकडे सिडनीला असतील. मुलगा आणि सून यांनी वाढदिवसाची भेट म्हणून वुलनगाँगच्या किनाऱ्यावर १५,००० फुटांवरून टँडेम स्कायडायव्हिंग, म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगाला जोडून घेऊन विमानातून पॅराशूटने मारायची उडी, ठरवलं आहे. पैसे भरून झाले आहेत. लेखिकेला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. उंचीचा अनुभव म्हणजे तारकर्लीला एकदा केलेलं पॅरासेलिंग. यजमानांनी विषय निघताच "या वयात ही थेरं नकोत" असं सांगून टाकलं. त्यावर मुलाचा तोडगा असा की बाबांना हेलेन्सबर्गच्या व्यंकटेश मंदिरात जातो असं सांगायचं आणि नंतर व्हिडिओच दाखवायचा. लेखिका विचारतात: नेमकं काय होतं तिथे? पोटात गोळा येईल का? श्वास कोंडेल का? पॅराशूट उघडलंच नाही तर? दारात पाय गळाले तर? इंग्रजी सूचना कळल्या नाहीत तर? "नाही म्हटलं तर मुलाचं मन मोडेल, हो म्हटलं तर माझा जीव घाबरतोय. मी मुळातच भित्री."

ताई,

तुमचं पत्र सावकाश, दोनदा वाचलं. त्यात तुम्ही स्वतःला चार वेळा भित्री म्हटलं आहे. मग मी तुमचे प्रश्न मोजले. नऊ निघाले. आठ प्रश्न तिथे वर काय होतं याविषयी आहेत आणि नकार कसा द्यायचा याविषयी एकच, तोही शेवटी, घाईत लिहिल्यासारखा. ज्याला नुसती सुटका हवी असते तो गॉगल चष्म्यावर बसतो का, असं विचारत नाही. माझा अंदाज चुकत असेल तर माझं काही ऐकू नका. पण तुमच्या मनात भीतीच्या बरोबरीने कुतूहलही बसलेलं आहे असं मला दिसतं, आणि त्या कुतूहलाला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. म्हणून आधी तेच करते. हो की नाही, ते नंतर बघू.

मी स्वतः ही उडी घेतली आहे, याच किनाऱ्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा सांगते आहे ते थोडं वाचलेलं, थोडं भोगलेलं.

वुलनगाँग सिडनीच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर. किनाऱ्यालगत स्टुअर्ट पार्क नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, उतरायचं ते तिथेच. सकाळी तिथे नोंदणी होते, वजन होतं, एका लांबलचक कागदावर सही होते. मग अंगावर पट्टे चढवतात. त्याला हार्नेस म्हणतात. खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती हे पट्टे येतात आणि चालायला अवघड होईल इतके घट्ट असतात. त्यानंतर बसने शेलहार्बरच्या छोट्या विमानतळावर नेतात. विमान लहान, आत दाटीवाटी, दार दुकानाच्या शटरसारखं वर सरकणारं. वर पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि खरं सांगायचं तर सगळ्या दिवसातला सर्वांत कठीण भाग हाच. करण्यासारखं काही नसतं, खिडकीतून घरं बारीक होत जातात आणि मन नाही नाही ते रचत बसतं. तुमचा प्रशिक्षक तुमच्या पाठीमागे बसलेला असतो. वर पोचता पोचता तो तुमचे पट्टे स्वतःच्या पट्ट्यांना चार ठिकाणी जोडतो, दोन खांद्यांशी, दोन कमरेशी, आणि पुन्हा पुन्हा तपासतो.

१५,००० फूट म्हणजे किती? कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक जवळजवळ तीन कळसूबाई ठेवा, तेवढी उंची. तिथे खालच्यापेक्षा सुमारे तीस अंशांनी थंडी जास्त असते आणि हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक. निरोगी माणसाला त्या काही मिनिटांचा त्रास होत नाही. छातीचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर मात्र हीच गोष्ट डॉक्टरांना आधी विचारायची.

आता दार. प्रशिक्षक दाराच्या कडेवर बसतो आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात बाहेर लोंबकळत असता. उडी तुम्ही मारायचीच नसते, ताई. निर्णय तुमचा, उडी त्याची. तुम्ही छातीवरचे पट्टे धरायचे, डोकं मागे त्याच्या खांद्यावर टेकायचं, पोट पुढे काढायचं आणि पाय मागे दुमडून विमानाच्या पोटाखाली घ्यायचे. शरीराचा आकार केळ्यासारखा व्हायला हवा. बस.

पोटात गोळा येण्याची भीती तुम्ही सगळ्यांत आधी लिहिली आहे, जत्रेतल्या पाळण्याचा दाखला देऊन. इथे तुम्हाला सुखद धक्का बसेल. पाळणा वरून खाली येतो तेव्हा बुडाखालचा आधार एकदम निसटतो, म्हणून पोट घशाशी येतं. विमान मात्र आधीच ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे चाललेलं असतं. दाराबाहेर पडल्या क्षणापासून तो सगळा वारा तुम्हाला पेलायला लागतो. वेग पुढचा असतो तो हळूहळू खालचा होतो, आधार असा तुटत नाही. त्यामुळे बहुतेकांना गोळा येतच नाही. मलाही आला नाही. पडतो आहोत असंही फारसं वाटत नाही, कारण जवळून मागे सरकणारं काही नसतं. वाऱ्याच्या जाड गादीवर पालथं झोपल्यासारखं वाटतं. फक्त ती गादी कानठळ्या बसतील इतकी गर्जत असते.

दाराबाहेर पडल्यावर काही सेकंदांत प्रशिक्षक एक छोटं पॅराशूट सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. दोन माणसांचं वजन एकत्र पडू लागलं तर वेग ताशी २९० किलोमीटरच्या पुढे जाईल. ड्रोगमुळे तो एकट्या माणसाइतका, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो. असे सुमारे साठ सेकंद. श्वास कोंडत नाही, पण पहिल्या क्षणी आपण दचकून तो धरून ठेवतो आणि मग कोंडल्यासारखं वाटतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे ओरडायचं. श्वास बाहेर गेला की पुढचा आपोआप आत येतो. गाल वाऱ्याने फडफडतात, फोटो बघताना सगळे हसतात, त्याची तयारी ठेवा.

साधारण ५,००० फुटांवर मोठं पॅराशूट उघडतं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. मांड्यांना पट्ट्यांची ओढ बसते, शरीर उभं होतं आणि गर्जना एकदम थांबते. त्या शांततेचं वर्णन मला आजही जमत नाही. आपलाच श्वास ऐकू येतो, पाठीमागचा माणूस साध्या आवाजात "कसं वाटतंय?" विचारतो. तुमच्या तारकर्लीच्या पॅरासेलिंगशी जुळणारा भाग हा. फरक इतकाच की दोर नाही, बोट नाही.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. पॅराशूट उघडल्यावर प्रशिक्षक कमरेकडचे जोड थोडे सैल करतो, म्हणजे दोघांना नीट बसता यावं. तुम्ही बोटभर खाली सरकता. मला वाटलं, सुटले! सुटत काही नाही. ते जाणूनबुजून केलेलं असतं.

पुढची पाच-सात मिनिटं डोळे भरून बघायची. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला इलावाराचा कडा, किनाऱ्याला समांतर चाललेला, झाडीने भरलेला. आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये चाळीस-पन्नास किलोमीटरचं कोकण असतं. इथे कडा आणि लाटा यांच्यामध्ये शहर कसंबसं मावलं आहे, म्हणून एका नजरेत दोन्ही दिसतात. दक्षिणेला पोर्ट केम्ब्लाचं बंदर आणि पोलाद कारखाना, समोर समुद्रात पाच छोटी बेटं, त्यापलीकडे इलावारा सरोवर. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सिडनीच्या उंच इमारती. याच वेळी प्रशिक्षक गंमत म्हणून गोल गिरक्या घेऊ लागतो. मला मळमळायला लागलं आणि भिडेपोटी मी गप्प राहिले, त्यामुळे त्या सुंदर मिनिटांतली निम्मी मी डोळे मिटून घालवली. तुम्ही खालीच सांगून ठेवा, गिरक्या नकोत. ते लोक अजिबात वाईट वाटून घेत नाहीत.

इथवर लिहिल्यावर मला जे म्हणायचं आहे ते सांगते. तुमची भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. पत्राची दोन पानं तुम्ही पडण्याबद्दल लिहिली आहेत आणि उतरण्याबद्दल एक ओळही नाही. टँडेममध्ये लोकांना दुखापत होते ती जास्त करून जमिनीला पाय टेकताना. घोटा मुरगळतो, गुडघ्याला हिसका बसतो, कधी पायाचं हाड मोडतं, कधी कमरेला दणका बसतो. तुम्ही कुरकुरणाऱ्या गुडघ्यांचा उल्लेख एका अर्ध्या वाक्यात केला आहे. माझ्या लेखी सगळ्या पत्रातलं तेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य.

पॅराशूट न उघडण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. राखीव पॅराशूटची घडी प्रमाणपत्र असलेला माणूसच करतो. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर ते सोडून देऊन राखीव उघडतात. प्रशिक्षकाला काही झालं आणि त्याचा हातच चालला नाही, तरी एक छोटं यंत्र असतं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं आणि साधारण १,९०० फुटांवर अजून वेगाने पडणं चालूच आहे असं दिसलं तर राखीव पॅराशूट स्वतः उघडतं. सायप्रस नावाचं असं यंत्र जर्मनीतून १९९१ मध्ये बाजारात आलं आणि या खेळाचं चित्र बदललं. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा हिशेब सांगतो की टँडेममध्ये सुमारे ५ लाख उड्यांमागे एका पाहुण्याचा मृत्यू होतो. हा आकडा तिकडचा आहे, आणि आकडा शून्य नाही. मी तुम्हाला "काही होत नाही हो" असं म्हणणार नाही. ज्या कागदावर तुम्ही सही करणार आहात त्यावरही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तो कागद मुलाकडून आधी मागवून घ्या, घरी बसून, अर्थ समजावून घेऊन वाचा. न्यू साउथ वेल्सच्या २००२ च्या कायद्यानुसार धोक्याच्या खेळांतला उघड दिसणारा धोका खेळणाऱ्याने पत्करलेला धरतात. नंतर दावा करणं फार अवघड असतं.

आता शरीराकडे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे "चालेल" हे मी म्हणू शकत नाही, पण काय विचारायचं ते सांगू शकते. रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात आहे का, हे नुसतं समजून चालू नका. निघण्याआधी महिना-दीड महिना घरी मोजून वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दारात बसल्यावर हृदय जोरात धावणार आहे, ते झेपेल का, असा थेट प्रश्न विचारा. पाळी थांबून दहा वर्षं झालेल्या बाईची हाडं आतून विरळ झालेली असू शकतात आणि बाहेरून काही कळत नाही. हाडांची घनता मोजण्याची डेक्सा चाचणी एकदा करून घ्या. उडी नाही मारलीत तरी ती फुकट जाणार नाही. गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारताना प्रश्न असा ठेवा: बसल्या अवस्थेत घसरत उतरले आणि थोडा दणका बसला, तर? कमरेत किंवा मानेत मणक्याचं जुनं दुखणं असेल, डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, फिट येत असतील, अलीकडे कसलं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय विषयच काढू नये. गरोदरपणात नाहीच. त्या दिवशी नुसती सर्दी असली तरी पुढची तारीख घ्या. एका मिनिटात दहा हजार फूट खाली येताना चोंदलेले कान फार दुखतात. सर्दी नसली तरी गिळत राहायचं, नाक दाबून हलकी फुंकर मारायची. आणि जे ऑस्ट्रेलियाच्या सहलीत प्रवाळ बघायला स्कूबाही करणार आहेत, त्यांनी पाण्याखालून वर आल्यावर किमान २४ तास आकाशात जाऊ नये.

डॉक्टर एखाद वेळी नकोच म्हणतील. मग विषय तिथे संपला, आणि त्यात तुमच्या धैर्याचा काही संबंध नाही.

वयाबद्दल तुमचे यजमान जे म्हणाले त्यावर थोडं. ऑस्ट्रेलियातच आयरीन ओशे नावाच्या आजी होत्या. शंभराव्या वाढदिवसाला त्यांनी पहिली टँडेम उडी घेतली आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये, १०२ वर्षांच्या असताना, पुन्हा एकदा. मुलीला ज्या आजाराने नेलं त्या मोटर न्यूरॉन डिसीजसाठी निधी जमवायला. आणि आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी त्याच वर्षी थायलंडमध्ये पट्टायाला चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. त्या मुरलेल्या स्कायडायव्हर आहेत, त्यांचं अनुकरण तुम्ही करायचं नाही. सांगायचं इतकंच की साठी हा आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही. शंभरीची आजी करू शकली म्हणून तुम्ही करायलाच हवं असंही नाही. तुमची हाडं तुमची.

तरी यजमानांना मंदिराचं खोटं सांगून जाण्याला माझा ठाम विरोध आहे. हेलेन्सबर्ग वुलनगाँगच्या वाटेवरच आहे, त्यामुळे मुलाला ते सोयीचं वाटलं असेल. पण विचार करा, नोंदणीच्या कागदावर संकटात कोणाला कळवायचं ते विचारतात. तिथे तुम्ही ज्यांचं नाव लिहाल त्यांनाच तुम्ही कुठे आहात हे ठाऊक नसेल. घोटा जरी मुरगळला तरी तो फोन कसा असेल? चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांच्या काळजीला "बाबांचा स्वभावच तसा" म्हणून बाजूला सारू नका. "थेरं" या शब्दामागे कदाचित "तुला काही झालं तर मी काय करू" हे असेल, आणि आपल्याकडच्या त्या वयाच्या पुरुषांना ते वाक्य बोलता येत नाही. त्यांना सगळं सांगा. मी वर जे लिहिलं ते वाचून दाखवा, डॉक्टरांकडे बरोबर न्या, त्यांचे प्रश्न त्यांना विचारू द्या. त्यांची परवानगी घ्या असं मी म्हणत नाही. शरीर तुमचं, निर्णय तुमचा. पण त्या दिवशी ते स्टुअर्ट पार्कच्या गवतावर उभे असावेत, हातात तुमचा चष्म्याचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मंदिरात सगळे मिळून जा, आधी किंवा नंतर.

मुलाचं मन मोडेल, या समजुतीकडेही जरा निरखून बघा. त्याने भेट म्हणून काय दिलं? तुम्ही पत्रात लिहिलंय की तो लहान असताना शाळेच्या गच्चीवरून घारी दाखवत तुम्ही म्हणायचात, "असं तरंगता आलं पाहिजे." ते त्याने वीस-पंचवीस वर्षं लक्षात ठेवलं. भेट ती आहे. आरक्षण हा तिचा कागद. कागद परत केला म्हणून लक्षात ठेवणं परत जात नाही. त्याला आज रात्रीच फोन करा आणि हे शब्द वापरा: "मला तुझी भेट आवडली. मी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरांचं ऐकेन, मग तुला अमुक तारखेला सांगेन." तारीख नक्की द्या. आणि उडीच्या कंपनीला तीन गोष्टी विचारायला त्याला सांगा: नकार दिला तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, ते आरक्षण दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, आणि साठीनंतर किंवा रक्तदाब असताना त्यांना डॉक्टरांचं पत्र लागतं का. कदाचित सूनबाईच उडी घेईल आणि तुम्ही खालून बघाल. हा पर्याय दुय्यम मानू नका. माणूस आकाशातून आपल्या पुढ्यात उतरतो ते बघणंही विलक्षण असतं.

हे वाचणाऱ्या मुलामुलींनाही एक विनंती. आईवडिलांना अशी भेट अचानक देऊ नका. पैसे भरण्याआधी विचारा. भरलेले पैसे बघितले की आपली आईबापं स्वतःच्या जिवापेक्षा त्या पैशांचा विचार आधी करतात.

पैशांवरूनच आठवलं, प्रवास विमा. भारतातून घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये स्कायडायव्हिंग स्पष्टपणे वगळलेलं असतं. ऑस्ट्रेलियाचा काही देशांशी परस्पर आरोग्य करार आहे, त्यात भारत नाही. म्हणजे तिथे पाय मोडला तर शस्त्रक्रियेचा आणि दवाखान्याचा खर्च तुमच्याच, पर्यायाने मुलाच्या खिशातून, आणि तो खर्च डोळे पांढरे करणारा असतो. विमा घेताना "टँडेम स्कायडायव्हिंग धरलं आहे का?" असं ईमेलवर लेखी विचारा, लेखी उत्तर ठेवा, आणि रक्तदाब लपवू नका. लपवलेला आजार हे दावा नाकारायचं पहिलं कारण असतं. विमा मिळाला नाही तर उडी नाही, इतकं मी माझ्या बहिणीलाही सांगेन. उडी वुलनगाँगला असो, मेलबर्नच्या सेंट किल्डाला असो, की दुबईच्या पाम बेटावर, हे सगळीकडे लागू.

काही छोट्या गोष्टी. सिडनीला पोचल्याबरोबरच्या आठवड्यात तारीख घेऊ नका, झोप जागेवर यायला वेळ लागतो. सकाळची वेळ मागा. दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो आणि वारा किंवा ढग असले की उड्या थांबवतात. माझा अख्खा दिवस ढगांनी खाल्ला होता, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. म्हणून पुढचा एक दिवस मोकळा ठेवाच. न्याहारी हलकी करा, पण उपाशी जाऊ नका. गोळी नेहमीच्या वेळी घ्या. टी-शर्ट, जराशी सैल पँट आणि लेसचे बूट. चष्म्यावर बसणारा गॉगल मिळतो, नोंदणी करतानाच मागा. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र सगळं काढावं लागतं. वाऱ्यात साखळी तोंडावर आपटते, पट्ट्यात अडकते. मंगळसूत्र काढण्याचं तुमच्या मनाला लागेल असं तुम्ही लिहिलंय. मग ते यजमानांच्या खिशात द्या. ते गवतावर उभे असायला हवेत, त्याचं हे आणखी एक कारण. पाणी जवळ आहे, तेव्हा कमरेला फुगवता येणारं जीवरक्षक जॅकेट देतात का, हे विचारायला लाजू नका.

दारात पाय गळाले तर? तर "नो" म्हणायचं. तोपर्यंत कधीही म्हणता येतं, खाली, बसमध्ये, विमानात. बोलता आलं नाही तर मान जोरात हलवायची. विमान तुम्हाला खाली घेऊन येईल. पैसे जातील बहुधा, पण ते गेलेलेच आहेत असं आजच धरून टाका म्हणजे त्या क्षणी त्यांचा विचार मनात येणार नाही. प्रशिक्षकाला आधी सांगून ठेवा की मी नाही म्हटलं तर मला समजवू नका. एकदा मात्र त्याने दार सोडलं की मग नाही म्हणायला जागा नाही, हेही पक्कं लक्षात असू द्या.

शेवटी इंग्रजी. तुम्हाला वाटतं तेवढं ते लागत नाही. पडताना काही ऐकूच येत नाही. खांद्यावर थाप पडली की हात पट्ट्यांवरून सोडून पसरायचे, एवढीच भाषा. कानाने ओळखायचे शब्द तीनच. "हेड बॅक" म्हणजे डोकं मागे. "बनाना" म्हणजे पोट पुढे, पाय मागे. आणि "लेग्ज अप". हा तिसरा शब्द ऐकला की दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून कमरेइतके वर उचलायचे आणि प्रशिक्षक खाली ठेवा म्हणेपर्यंत वरच ठेवायचे, म्हणजे त्याचे पाय आधी टेकतात किंवा दोघं बसल्या बसल्या गवतावर घसरता. जमीन जवळ आली की आपले पाय आपसूक खाली जातात, तिला टेकायला धावतात, आणि घोटे तिथेच मुरगळतात. पाय वर धरायला पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंत ताकद लागते, ती एका दिवसात येत नाही. अजून महिने हातात आहेत. डॉक्टरांनी गुडघ्यांना हरकत घेतली नाही तर रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकून बसा, खुर्चीची कड धरा, आणि यजमानांना म्हणायला सांगा, "लेग्ज अप". पाय वर, दहा आकडे मोजेपर्यंत. पहिल्या दिवशी चारलाच खाली येतील. चालेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा.